भिंत काढ

सोमवार, ४
आज कामावर रुजू झालो. घरांचे नकाशे आणि कॉम्प्युटरवर त्यांची मॉडेलं करून देणारं छोटं ऑफिस आहे. खाली लाकडाची वखार, वर आम्ही, त्यामुळे जिन्यातच ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येतो. बाई मालकीण. त्यांनी माझी खुर्ची स्वतः फडक्यानं पुसून दिली. चहाच्या मावशींनी साखर किती विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत दोन चमचे घातले. एवढ्या हडकुळ्या माणसाला बेताची साखर घालायला हात धजत नाही म्हणाल्या.

शेजारच्या कॉम्प्युटरवर माझ्याच वयाचा एक जण आहे, माझ्याहून तीन महिने जुना. त्याला सगळे ओळंबा म्हणतात, कारण त्याची एकही रेघ कधी तिरकी जात नाही. हसरा आहे. पेन्सिल कानावर ठेवतो आणि मग टेबलभर शोधतो.

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. महिनाअखेरीला वरची एकच खुर्ची कायम होणार, दुसऱ्याला खाली वखारीत फळ्या मोजायला जावं लागणार. अकरावी अर्धी सोडलेल्याला अशी खुर्ची पुन्हा कोण देणार? मी ताईकडे राहतो. तिला फोन करून खुर्चीला पाठीशी उशी आहे इथपर्यंत सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग आता पोक काढून बसू नकोस.

मंगळवार, ५
आज ओळंब्यानं खांब-तुळईची भिंत शिकवली. साधी भिंत सोपी असते, माउस ओढला की झाली. पण लाकडी घरात भरीव भिंत नसते. खांब उभे, त्यांवर आडवी तुळई, आणि दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला म्हणायचं गाळा. सॉफ्टवेअरला मात्र भिंतीशिवाय खोली कळत नाही. म्हणून आधी पूर्ण भिंत आखायची, तिच्यात खांब बसवायचे, वर तुळई ठेवायची, आणि शेवटी भिंतीला ‘अदृश्य’ची खूण करायची. भिंत दिसत नाही, पण असते. खोली तिच्यावरच उभी राहते. खांब सरकवला की तीही मुकाट्यानं सरकते.

दुपारी घोटाळा झाला. बाई म्हणाल्या, मागची भिंत काढ. मी काढली, म्हणजे पुसून टाकली. खोली गेली, खोलीबरोबर छप्पर गेलं. त्यांना ती आखायला हवी होती! ओळंबा म्हणाला, घरमालकाला किल्लीसोबत छत्रीही देऊ. मावशी म्हणाल्या, आमच्याकडेही तेच, कपाटातले कपडे काढा म्हटलं की आमचे मालक अंगातले काढायला लागतात. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. बाईंनी मग नियमच केला, की या ऑफिसात ‘काढ’ म्हणजे आखणं. घालवायचं असेल तर ‘पूस’ म्हणायचं.

नियम वहीत लिहून घेतला. लिहिताना शेजारच्या पडद्यावर नजर गेली. ओळंबा ‘तुळई’ लिहिताना शेवटची ई ऱ्हस्व काढतो. बरं वाटलं.

शुक्रवार, ८
एका शिक्षिकाबाईंचं घर आलंय. पुढची ओटी ओळंब्याकडे, मागचं न्हाणीघर माझ्याकडे.

घर प्रत्यक्ष उभं करणारे म्हातारे मिस्त्री आज तपासायला आले. माझ्या न्हाणीघरापाशी त्यांनी नुसती मान हलवली. ओटीपाशी मात्र खुर्ची ओढून बसले. म्हणाले, ह्या पोरानं लाकूड ओळखून खांब उभे केलेत, ह्याला माझ्या हाताखाली द्या. बाई म्हणाल्या, तो आमचा आहे, मिळायचा नाही.

आमचा! मी तिथेच बसलो होतो. माझं न्हाणीघर मिलीमीटरपर्यंत बरोबर आहे, मी तीनदा मोजलं. बरोबर आणि छान यांत काय फरक असतो, ते कुणी सांगत नाही.

मंगळवार, १२
शिक्षिकाबाईंना तुळईखाली माणूस उभा राहिला तर कसा दिसेल ते पाहायचं होतं. बाईंनी टेप घेऊन ओळंब्याची मापं घेतली. उंची, खांदे, बसल्यावरची उंची, हाताची पोच. त्या मापांचा माणूस मॉडेलमध्ये केला आणि ओटीच्या मधल्या गाळ्यात उभा केला. सगळ्यांत चांगली जागा. डावीकडून ऊन येतं आणि तुळईची सावली बरोबर पायापाशी पडते.

माझी उंची त्याच्याहून एक सेंटीमीटर जास्त आहे. मी तसं सांगितलंही. बाई म्हणाल्या, हो का, आणि टेप गुंडाळून ठेवला.

बुधवार, १३
जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. मी ओटीची फाइल उघडली. तो उभाच होता, कमरेवर हात ठेवून, हसरा. मी त्याच्या चारी बाजूंनी भिंती आखल्या. मधल्या गाळ्याचे दोन खांब धरून समोर एक, मागे एक, दोन्हीकडे एकेक. दार ठेवलं नाही. मग चौघींना ‘अदृश्य’ची खूण केली आणि फाइल मिटली.

काहीच दिसत नाही. कुणाचं काही बिघडलं नाही. नुसती गंमत. दोन घास जास्त गेले आज.

गुरुवार, १४
ओळंबा जेवायला उठला नाही. कंटाळा आलाय म्हणाला. चहालाही उठला नाही. मावशी म्हणाल्या, खुर्ची कायम व्हायच्या आधीच चिकटला की हा. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हाही तो बसूनच होता. माझ्याकडे पाहून हसला, पण तोंड कोरडं पडलं होतं त्याचं. मला वाटलं, जास्त वेळ थांबून बाईंवर छाप पाडतोय. जिन्यात मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या.

शुक्रवार, १५
तोच निळ्या चौकड्यांचा शर्ट. तो काल घरी गेलाच नाही.

हात पुढे करतो आणि हात मध्येच थांबतो. हवेवर तळवा टेकतो, पांढरा पडतो. माउस चार बोटांवर आहे आणि त्याला पोचता येत नाही. मला हाका मारत होता बहुतेक. आवाज जाड काचेमागून आल्यासारखा.

मावशी चहा घेऊन आल्या. मला दिला, बाईंना दिला. त्याच्या टेबलाजवळून तशाच पुढे गेल्या. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला सगळं कळलं. लगेच कळलं. एका मिनिटाचं काम होतं. फाइल उघडायची, चार भिंती पुसायच्या. मी फाइल उघडलीही होती. तेवढ्यात बाई मागून आल्या. त्याची ओटी पाहून म्हणाल्या, बघ, असा हात हवा, शिकून येत नाही हा.

मी फाइल मिटली.

शनिवार, १६
त्याच्या आईचा फोन आला होता. बाई म्हणाल्या, दोन दिवस आला नाही हो, मला वाटलं घरीच आहे. तो तिथेच बसला होता, बाईंपासून हातभर अंतरावर. दोन्ही मुठींनी हवा बडवत होता. आवाज नाही.

मग त्यानं खिशातला कागद काढला, कानावरची पेन्सिल घेतली. लिहून माझ्यासमोर धरलं.

भिंत काढ.

मी बराच वेळ वाचत राहिलो. या ऑफिसात काढ म्हणजे आखणं. नियम आहे, माझ्या वहीत आहे. त्याला काय म्हणायचंय ते मला माहीत होतं. पण त्यानं लिहिलं होतं तेच मी केलं. गाळ्यात, त्याच्या अगदी अंगाला लागून, आणखी एक भिंत काढली. आखली. ‘अदृश्य’ची खूण केली.

शेजारी पाहिलं. खुर्ची रिकामी.

कागद जमिनीवर पडला होता. तो मी उचलला नाही.

रविवार, १७
ताई विचारते, ताटात बोटं का फिरवतोस. ताट सरकवून उठलो.

सॉफ्टवेअर फार लहान खोली धरत नाही. यादीतून आपोआप घालवतं, आतल्या सामानासकट. हे मला ठाऊक होतं. म्हणजे वाचलं होतं. म्हणजे तेव्हा आठवलं नाही.

आठवलं होतं.

सोमवार, १८
मॉडेलमध्ये त्याचा माणूस नाही. ओटी तशीच उभी आहे, मोकळी, उन्हात. बाई म्हणाल्या, न सांगता सोडून गेला, वाटलं नव्हतं असा असेल. दोनदा म्हणाल्या. त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. माझ्याकडे आजवर कुणी असं पाहिलेलं नाही. गेल्यावरही त्यालाच बघतात!

मग टेप घेऊन माझ्याकडे आल्या. उंची, खांदे, बसल्यावरची उंची, हाताची पोच. मी पोक न काढता उभा राहिलो.

मंगळवार, १९
माझा माणूस तयार झाला. कुठे उभा करायचा ते बाईंनी माझ्यावर सोडलं. मी क्षणभरही विचार केला नाही. मधला गाळा. ऊन डावीकडून, तुळईची सावली पायापाशी. त्याच्याहून एक सेंटीमीटर उंच.

छान दिसतो. मिस्त्रीही म्हणाले, छान आहे. पहिल्यांदाच म्हणाले.

बुधवार, २०
सकाळी खुर्चीत बसलो, आणि दहा वाजता पाणी प्यायला उठायला गेलो तर गुडघा कशाला तरी आपटला. समोर काही नव्हतं.

भिंती. त्या चार, आणि आतली पाचवी. मी तिच्या रुंद बाजूला आहे, म्हणून अजून आहे. मी पुसल्याच नव्हत्या. दिसत नव्हत्या म्हणून— मीच आखल्या आणि मीच त्यांत जाऊन उभा—

माउस टेबलावर. मधे चार बोटं.

ही वही मांडीवर होती म्हणून लिहितोय.

बाईंना हाक मारली. त्यांनी मान वर केली, मला वाटलं ऐकलं. खिडकी लावून घेतली फक्त.

गुरुवार, २१
उजाडलं. दोघी आल्या. मावशी माझ्या टेबलाजवळून गेल्या. ट्रेमध्ये दोनच कप, एक बाईंचा, एक त्यांचा स्वतःचा.

रात्रभर खांदा लावून पाहिला. हलत नाही. गार आहे, भिंतीसारखीच. घाम पुसला तर हवेवर ओल राहते.

बाई शिक्षिकाबाईंशी फोनवर बोलतायत. ओटी फार रुंद वाटते, मधला गाळा कमी करता येईल का. बाई म्हणाल्या, आत्ता करते, दोन खांब आत घ्यायचे की झालं.

नाही बाई— खांब नका— खांबांबरोबर त्याही—

कोपर अंगाला लागलं.

आता दोन्ही. वही उभी धरून लिहितोय.

बाई उठल्या. हातात पाकीट. माझ्या टेबलाशी आल्या, इकडे तिकडे पाहिलं, मावशींना म्हणाल्या, हा पण कुठे गेला, चांगली बातमी द्यायची होती. पत्र माझ्यासमोर उघडून ठेवलं आणि जागेवर जाऊन बसल्या. पुन्हा माउस हातात—

इथून वाचता येतंय. शुद्ध लिहिलंय, एकही चूक नाही. माझं काम पाहून आनंद झाला असं आहे. खाली सही. मधे एक ओळ, की आजपासून ही खुर्ची माझी काय—