रंग खाणारा गाळ

६ नोव्हेंबर २००६
कमळ, तू चुलीवर दूध ठेवून विसरणारी बाई. लेकीकडची खबर तोंडी धाडली तर तुझ्याजवळ ती संध्याकाळपर्यंत टिकायची न्हाय. म्हणून रोजचं रोज लिहवून घेते. लिहिणारी निशा, मनालीची खोलीतली जोडीदारीण. मनचं घातलंस तर कान उपटीन, असं तिला बजावलंय.

टेमघरला सुखरूप पोचले. कॉलेजनं खोली झकास दिलीय. आवारात पत्र्याची शेड, आत काचेची टाकी. कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं निळं-तांबडं पाणी तिच्यात ओततात आणि तळाचा जिवंत गाळ तो रंग खातो. तुझी लेक पाण्याची इंजिनीअर, निशा जंतूंची मास्तरीण. दोघी मिळून पोरांना हेच शिकवतात. एवढं शिकून शेवटी गटारच सांभाळायचं! मनाली म्हणते, आजी, गाळाला उपाशीच ठेवायचं, दुसरं खायला मिळालं तर तो रंगाला तोंड लावत नाही.

९ नोव्हेंबर
विहिरीतल्या साती आसरांना, पाण्याच्या देवींना, पहिला घास दिल्याशिवाय आपण जेवतो का? इथं तर पाण्यातला जीव दारातच उपाशी. मनाली वर्गात गेली तशी मूठभर दहीभात टाकीत सोडला. गाळ हळूच वर आला, लेकरानं आ करावा तसा. निशा हसली. मुठीनं काय होतंय म्हणाली.

१३ नोव्हेंबर
रोज घास देते. गाळ दुप्पट झाला, पण पाणी निळंच. मनाली रडवेली झालीय. मी शेडमध्ये गेले की तो काचेला येऊन चिकटतो. निशा घाबरली, बंद करा म्हणाली. आज दिला नाही.

१५ नोव्हेंबर
शेडमधलं काळं मांजर टाकीतलं पाणी प्यायलं. आता पांढरं आहे. डोळेसुद्धा. भिंतीला धडकत चालतं. मग मनालीला सगळं सांगितलं. "आजी, तू पण ना!" म्हणत तिनं गाळ उपसायला हात घातला. हातमोजा फाटका होता.

१६ नोव्हेंबर
हात कोपरापर्यंत पांढरा. कोड न्हाय. कोड असं डोळ्यांदेखत सरकत नाही. डॉक्टरनं मलम दिलं.

१८ नोव्हेंबर
ओठांचाही रंग गेला. केस माझ्याहून पांढरे. म्हटलं, आता तूच माझी आजी. हसली नाही. बुबुळांचं काळं कडेनं विरतंय. विचारते, आजी, दिवा का लावत नाहीस. भर दुपार होती—

१९ नोव्हेंबर
निशानं तिच्या तळव्यावर बीट किसून ठेवलं. बीट पांढरं पडलं. नखाला गुलाबी झाक आली, जराशी. खायला दुसरा रंग मिळाला की तो गाळ तिला सोडतो. इथल्या बाजारातलं बीट संपलं—

२० नोव्हेंबर
निशाची बोटंही पांढरी. तिनंच मनालीला आंघोळ घातली होती. मला अक्षर कळत नाही, पण कागदावरची निळी शाई विरताना दिसतेय. भरभर लिही, पोरी. कमळ, पांढरं काही पाठवू नको. तांबडा माठ पाठव, कोकम, मिरच्या, घरात असेल तेवढी हळद, बीट पोत्यानं, आणि जांभळी वांगी, देठासकट, ती—