जुन्या नावाला ओ

प्रिय दादा,

लातूरला सगळे बरे आहेत. कालच आई म्हणाली, "अप्पूला म्हणावं, धर्माबादची मिरची धाड, राग तिकडंच ठेव."

आपल्या 'तराजू'बद्दल लिहायचं आहे. काट्यावरचं वजन कॉम्प्युटरवर आणणारा तो प्रोग्राम तू दुकानात मला शेजारी बसवून लिहिलास, सगळ्यांना खुला केलास. लोक त्याला जोडून आपापली एक्स्टेन्शन लिहू लागले. त्यातल्या मुख्य फंक्शनला तू 'वजन' नाव दिलंस. ते बारदान्यासकटचं वजन, पण नावावरून कळेना. नवीन माणूस फसायचा, पोतंही मालात धरायचा. म्हणून मी 'बारदान्यासकट' हे नाव सुचवलं. "लई शहाणी झालीस! मी ठेवलेली नावं पुसून राहिलीस," म्हणालास आणि काम सोडून गेलास.

मी पुसलं नव्हतं, दादा. तुला आजोबांचं नाव ठेवलं तेव्हा आईची पंचाईत झाली होती ना? "गुरुपादप्पा, मेल्या," म्हणावं तर शिवी सासऱ्यांना बसायची. म्हणून तिनं अप्पू काढलं. तू दोन्ही हाकांना ओ द्यायचास. मीही तेच केलं. जुन्या नावानं हाक मारली की ते नव्याकडे पाठवतं, तोच आकडा देतं, फक्त बजावतं, "पुढच्या मोठ्या आवृत्तीत मी नसेन." मग औशाच्या वीरेशनं, नायगावच्या सृष्टीनं, एकेकानं आपापल्या एक्स्टेन्शनमध्ये बदल केला. कुणाचं अडू नये म्हणून प्रत्येकाचं एक्स्टेन्शन मी स्वतः चालवून पाहिलं. तरी जीव धास्तावलेलाच असतो.

जुनं नाव कायमचंच का ठेवत नाहीस, असं विचारशील. कारण नवीन येणारा अजून जुनंच नाव उचलतो आणि तशीच चूक करतो. ते मला चालणार नाही. दिवाळीनंतरच्या आवृत्तीत ते निघणार, आता पुढे ढकलणार नाही.

जुन्या नावानं हाक मारणारं एकच एक्स्टेन्शन उरलंय. धर्माबादच्या आडतींवर चालणारं, तुझं. मिरचीची आवक सुरू झाल्यावर तिथले काटे मुके होऊ नयेत म्हणून बदल मीच लिहून तुझ्याकडे पाठवलाय. एका ओळीचा आहे. पण तो मंजूर करायचा अधिकार फक्त तुझा. गुरुपादप्पा म्हणून कर, नाहीतर अप्पू म्हणून कर. पण ओ दे.

तुझीच,
मंजुश्री