हात चालू आहे

३ फेब्रुवारी
नोकरी लागली! डायलिसिस सेंटर स्वच्छ, हवेशीर, आणि राहायला मागच्या अंगाला खोलीसुद्धा. मुलाखत नावालाच झाली. मोठ्या सिस्टरांनी माझी नर्सिंगची सर्टिफिकिटं उघडलीही नाहीत. मनगट धरलं, डोळे मिटून नाडी पाहिली आणि चांगली आहे, ठेवून घेऊ, म्हणाल्या. बाजारात कलिंगड पारखून घ्यावं तशी घेतली मला!

दादालाही इथेच आणलंय. डायलिसिसच्या सुईसाठी हातात केलेले त्याचे आधीचे दोन फिस्टुला बंद पडले. तो डावखुरा, त्यातून डाव्या हातातल्या शिरा सुतासारख्या, म्हणून तिन्ही वेळा उजवाच हात. आता दंडातला हा शेवटचा. हा गेला तर सुई टोचायला जागा नाही, असं सर्जन तोंडावर म्हणाले. इथे म्हणे कुणाचाच बंद पडत नाही. नोकरी मी त्यासाठीच धरली.

६ फेब्रुवारी
फिस्टुला म्हणजे हातातली धमनी शिरेला जोडायची. मग शीर फुगते आणि मशीनला हवं तेवढं रक्त देते. वर बोटं ठेवली की थरथर लागते. थरथर आहे तोवर माणूस आहे. कोपऱ्यातले रिटायर्ड मास्तर तिला मांजर म्हणतात. आज छान घुरघुरतेय, उंदीर सापडला असेल, म्हणाले. त्या हाताला घड्याळ नाही, पिशवी नाही, बीपीचा पट्टा तर मुळीच नाही. इथे सगळ्यांचे फिस्टुला डाव्या हातात, एकट्या दादाचा उजव्या. मास्तर त्याला उलट्या हाताचा म्हणून चिडवतात.

मोठ्या सिस्टर रोज सकाळी प्रत्येकाच्या हातावर तळवा ठेवतात आणि ‘हात चालू आहे’ म्हणत पुढे सरकतात. मला मात्र पटत नाही. एकही बंद पडत नाही? मधुमेहवाल्या काकूंचासुद्धा? कुठेतरी पाणी मुरतंय.

१० फेब्रुवारी
मास्तरांचा फिस्टुला तपासताना सहज त्यांची दुसऱ्या हातातली नाडी धरली. दोन्ही जुळेनात. नाडी घाईत, थरथर संथ. माणसाच्या हातात दुसऱ्याचा ठोका कसा? काकूंच्या हातातही तोच संथ ठोका. दादाच्याही.

एवढ्यात मोठ्या सिस्टर जिना चढून धापा टाकत आल्या. माझ्या बोटांखाली दादाची थरथर धावायला लागली. दादा तर गाढ झोपला होता.

त्यांना विचारलं तर हसल्या. हात चालू आहे ना, मग कान कशाला लावून बसतेस, म्हणाल्या. आणि पुन्हा माझी नाडी पाहिली. मला ते मुळीच आवडलं नाही.

१३ फेब्रुवारी
आज माझं सगळं लक्ष मोठ्या सिस्टरांवर होतं. त्या नादात सवयीनं बीपीचा पट्टा उजव्या दंडाला बांधला — दादाच्या! सख्ख्या बहिणीनं! पट्टा फुगला आणि हॉलच्या त्या टोकाला मोठ्या सिस्टर छाती धरून खाली बसल्या. मास्तर ओरडले, मांजर गेली माझी! काकूही. सगळेच. मशिनी एकदम बोंबलायला लागल्या. मी पट्टा ओढून काढला — थरथर परत आली, सगळ्यांची एकदमच.

मोठ्या सिस्टर रागावल्या नाहीत. जमिनीवरूनच माझ्याकडे बघत राहिल्या. फार दमलेय गं, एवढंच म्हणाल्या.

१४ फेब्रुवारी
दादाला म्हटलं, आजच निघू. तो म्हणाला, मग सुई कुठे टोचशील?

मोठ्या सिस्टरांनी खोलीत बोलावलं. माझ्या मनगटावर तळवा ठेवला. सोडेचनात —

१५ फेब्रुवारी
मोठ्या सिस्टर सकाळी गेल्या. खुर्चीत बसल्या बसल्या. मी हॉलमध्ये धावले — सगळे हात चालू. पण ठोका आता संथ नाही, घाईत. मी स्वतःच्या गळ्याला बोट लावलं. ठोक्याला ठोका —

दुपारी
पळाले. बॅगही घेतली नाही. फाटकाबाहेर पोचले तोच दादाची हाक — हात थंड पडतोय. परत फिरले. चालू झाला.

२ मार्च
नवे पेशंट आले. आणखी हात. मला जिना चढवत नाही. मास्तर विचारतात, मांजर हल्ली एवढी हळू का? दादा विचारत नाही. त्याला कळलंय.

उद्या एक मुलगी मुलाखतीला येणार आहे. तिचे वडील डायलिसिसवर आहेत. म्हणजे टिकेल. नाडी चांगली असली तर मी तिला काहीएक सांगणार नाही.