दोन विहिरींचं गाव

चँडलर, १४ ऑक्टोबर २००४

लंचला ऑफिसमधल्या मार्गारेटने इंग्लंडमधल्या तिच्या खेड्याची वेबसाइट दाखवली. एक चर्च, एक पब, एक दुकान, आणि चौकात सगळ्या गावाचा मिळून एक जुना हातपंप.

"तुझ्या गावात काय आहे?"

म्हटलं, शाळा, देऊळ, दोन विहिरी.

"एवढ्याशा गावाला दोन? किती छान सोय!"

मी नुसता हसलो. एक गावाची आणि एक आमच्या बौद्धवाड्याची, हे का नाही सांगितलं? लाज वाटायला हवी ती गावाला. मी का ओशाळलो?

संध्याकाळी आईला फोन केला. खुशीत होती. "अरे, गावात नळाचं पाणी आलं!"

"सगळ्यांना मिळून एक नळ?"

"एक कसा असेल रे? दोन बसवलेत."