शंकरचा बाक

मंगळवार, संध्याकाळ

काल दुपारी नेरकडं विहिरीवरचा मोटारपंप चोरीला गेला आणि आज सकाळी पोलिसांनी माझ्या दुकानातला सुतार शंकर उचलला. का? पारधी आहे, एकदा तुरुंगात जाऊन आलाय, बस्स! काल दुपारभर तो माझ्यासमोर दाराला रंधा मारत होता, हे ठाण्यात घसा फोडून सांगितलं. हवालदार म्हणे, "हे लोक कदी सुधरत नाही."

आणि शंकरला बसवलं कुठं? त्यानंच तुरुंगात बनवलेल्या, तिथून ठाण्याला पुरवलेल्या बाकावर! सुतारकी तिथंच शिकला ना तो?

दिवसभर बसवून सोडलं. मी संतापून दाराकडं निघालो. शंकर मात्र वाकला, खिशातली पाचर काढून त्याच बाकाच्या डुगडुगत्या पायात ठोकू लागला.

"कायले करून राह्यला रे?" मी विचारलं.

"पुन्हा मलेच बसा लागन ना, भाऊ."