वाटीभर खीर

अहो,

मी पानिपतला ताईकडे जाते आहे. कुकरमध्ये डाळ-भात आहे, पोळ्या डब्यात आहेत. कामवाली उद्या लवकर येईल, तिला दार उघडा.

काल बुद्धपौर्णिमेला सोसायटीतल्या सगळ्यांसाठी खीर मीच केली होती. नव्या मॉलमधल्या त्या डाएटिशियनबाईंनी मला गोड बंद केलेलं नाही. त्या म्हणाल्या होत्या, "जे खरंच आवडतं ते ठरवून खा, चवीनं खा आणि त्या दिवशी दुसरं काहीतरी सोडा." म्हणून मी दुपारचा भात सोडला, ऑफिसात प्रणिताच्या वाढदिवसाच्या केकलाही नाही म्हटलं आणि दिवसभर त्या एका वाटीची वाट पाहिली.

ती वाटी तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलीत. "इसका डाएट चल रहा है, सर," असं तुमच्या साहेबांना म्हणालात. सगळे हसले. मीही हसले. मग त्यांच्याशी बोलता बोलता ती खीर तुम्हीच संपवलीत. चांगली झालीय, एवढंसुद्धा म्हणाला नाहीत.

माझं वजन उतरलं ते मी उतरवलं. तुम्ही बिस्किटांचे डबे माळ्यावर लपवलेत म्हणून नाही.

ताईला मी खरं कारण सांगणार आहे. तुमच्या आईंचा फोन आला तर त्यांना तुम्ही सांगा. मला घ्यायला येऊ नका. यायचं झालं तर माझी मी येईन.

दीपमाला