केसपेपरवरची ओळ

९ जानेवारी, शुक्रवार

नाकारली! ज्ञानदाच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेची मंजुरी विमा कंपनीने नाकारली. दोन ओळींचं पत्र — शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी आहे, पॉलिसीत बसत नाही.

सौंदर्यासाठी! वीस वर्षांची पोर. खालचा जबडा पुढे, समोरचे दात एकमेकांना टेकत नाहीत. पाव तोडायचा तर हाताने. शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी दीड वर्षं तारा लावल्या, त्यात दातांची उरलीसुरली गाठभेटही गेली. डॉक्टर म्हणालेच होते, "आधी बिघडणार, मग सुधारणार." बिघडून झालं. आता इथेच थांबायचं?

सुधाकर पत्र वाचून म्हणाला, "अपील करू." आणि माझ्याकडे बघितलं. लिहायचं असलं की नवऱ्याला बायको आठवते.

१० जानेवारी

पत्राला केसपेपरची प्रत जोडली आहे. काल पाहिलीच नव्हती. पहिल्या भेटीचा कागद. तळाशी डॉक्टरांच्या अक्षरात — लग्नाआधी करून घ्यायचं आहे, असं आईचं म्हणणं. त्यावर कंपनीतल्या कुणीतरी पिवळी रेघ ओढली आहे.

मीच म्हटलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतो?" ज्ञानदाने तोंड उघडायच्या आत मी सुरू झाले. चावता येत नाही, घास अडकतो, सगळं सांगितलं. आणि शेवटी हसून, "मुलीची जात, डॉक्टर. लग्नाआधी झालेलं बरं." आपल्याकडे बोलतातच की असं! चष्म्याच्या नंबरापासून अपेंडिक्सपर्यंत सगळं लग्नाआधी.

तो कागद कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. ज्ञानदाला फक्त पत्र दाखवलं.

१४ जानेवारी

संक्रांत. तळमजल्यावरच्या इनेझबाई तिळगूळ घ्यायला आल्या. जाताना राजोडीच्या भावाच्या वाडीतली केळी ठेवून गेल्या, "ज्ञानदाला" म्हणून. ज्ञानदाने लाडू गालात धरला. अर्ध्या तासाने विचारलं तर बोटाने खूण केली — अजून आहे.

१९ जानेवारी

अपील लिहून झालं. चार पानं. पंधरा वर्षं कथा लिहिते, दिवाळी अंकांत छापूनही येतात, म्हटलं एवढं जमेल. इनेझबाईंना वाचून दाखवलं. तीस वर्षं शाळेत मुलांचे निबंध तपासलेत त्यांनी.

"छान लिहिलंस गं सुमेधा. मला रडू आलं." मग चष्मा पुसला. "पण कंपनीला कुठे रडू येतं? मिनिटं लिही. घास लिही. ही तुझी चंद्रकोरीची उपमा नि काय ती — काढून टाक."

काढली.

२० जानेवारी

घड्याळ घेऊन तिच्यासमोर बसले. एक पोळी आणि भाजी, एकेचाळीस मिनिटं. पोळी वरणात कुस्करून, सव्वीस. काकडी किसूनच. पेरू नाहीच.

"आई, घंटा वाजव. पेपर संपला," ज्ञानदा म्हणाली.

हसलो दोघी. पण हे मला माहीत कसं नव्हतं? आम्ही जेवून उठतो, ती मागे राहते, मी ओटा आवरायला लागते. किती वर्षं ही पोर माझ्या पाठीकडे बघत जेवते आहे!

२३ जानेवारी

काही लिहवत नाही. थकले.

२७ जानेवारी

डॉक्टरांकडे एकटीच गेले. ती ओळ काढता येईल का, विचारलं. विचारताना मान वर होईना.

"केसपेपरवर खाडाखोड करता येत नाही, मॅडम. तुम्ही बोललात, मी लिहिलं. वरच्या चार ओळी त्रासाच्याच आहेत. त्या कुणी वाचल्या नाहीत, त्याला मी काय करू?"

चावण्याचं, घोरण्याचं, कानापुढच्या सांध्याच्या दुखण्याचं वेगळं पत्र देतो म्हणाले. "पण त्या ओळीचा खुलासा तुम्हीच करा. आणि पेशंट सज्ञान आहे. अपिलावर सही तिची घ्या."

सही तिची. म्हणजे तिने वाचायला हवं.

३० जानेवारी

आज सांगणार होते. नाही सांगितलं. तिची परीक्षा आहे — मला बरं निमित्त.

१ फेब्रुवारी, रविवार

अपील आता दीड पानावर आलं आहे. शेवटी लिहिलं — लग्नाचा उल्लेख मी केला. बोलायच्या सवयीने केला. माझ्या मुलीने तसं कधीही म्हटलेलं नाही.

सगळे कागद तिच्यापुढे ठेवले. पिवळ्या रेघेचाही. तिने सावकाश वाचलं. सही केली. पेनाला टोपण लावलं.

"ज्ञानदा, ती ओळ..."

"माहीत आहे, आई. तू म्हणालीस तेव्हा मी तिथेच होते ना. शेजारच्या खुर्चीत."

रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मग एक कोरा कागद मागून घेतला आणि खोलीत जाऊन काहीतरी लिहिलं. काय लिहिलंस, असं मी विचारलं नाही. विचारायचा हक्क त्या खुर्चीतच घालवला. पाकीट तिनेच चिकटवलं.

११ फेब्रुवारी

कंपनीला फोन. "आपली तक्रार प्रक्रियेत आहे, मॅम." सोमवारपासून हेच वाक्य, फक्त आवाज वेगळे. सुधाकर म्हणतो, "नाही झालं तर विमा लोकपालाकडे जाऊ." जाऊ. अजून एक अर्ज. अजून चार प्रती.

ज्ञानदा वरणभात जेवून गेली. तोही हल्ली नको म्हणते, रोज रोज तेच.

२० फेब्रुवारी

मंजूर! सुधाकरने दोनदा मोठ्याने वाचलं. इनेझबाईंनी जिन्यातूनच देवाचे आभार मानले. ज्ञानदा "हं" म्हणाली आणि जेवत राहिली.

आज ओटा आवरला नाही. तिच्यासमोर बसून राहिले. घड्याळाशिवाय.

२४ फेब्रुवारी

शस्त्रक्रियेची तारीख ठरवायला आलो. दारापाशी ज्ञानदाने माझ्या हातातली फाइल घेतली. "आई, तू इथे बस."

बाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. दार लागलं आहे. डॉक्टर विचारत असतील, ती सांगत असेल.

इथे काही ऐकू येत नाही.